मागच्या सीटखालचा कागद

शिरीष,

मंगळवारी सकाळी सव्वासातला तू पार्सिपनीतल्या तुझ्या घराच्या गॅरेजमध्ये गेलास. सात चाळीसला मेधा चहासाठी हाक मारायला आली, तेव्हा तू गाडीच्या डाव्या पुढच्या चाकापाशी जमिनीवर पडलेला होतास. अँब्युलन्स सात बावन्नला आली. आठ एकतीसला हॉस्पिटलने तुला मृत घोषित केलं. कारण हृदयविकाराचा झटका. वय त्रेपन्न.

हे तपशील मेधाकडून आणि हॉस्पिटलच्या कागदावरून घेतले आहेत. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोनशे शब्द लिहून दिले. शिक्षण, नोकरी, गणेशोत्सवात दरवर्षी ऐन आरतीला बंद पडणारी आणि तू चालू करून देणारी साउंड सिस्टिम, पत्नी, मुलगी. त्यात चूक नाही. गाडीवर मात्र एकच ओळ आहे: 'जुन्या गाड्यांची आवड होती.' ती ओळ अपुरी आहे हे लिहिताना मला माहीत होतं. उरलेलं इथे लिहितो.

वेड माझं होतं, हे आधी नोंदवतो. नागपुरात आमच्या घरामागे रद्दीचं दुकान होतं. तिथे एका जुन्या अमेरिकन मासिकात मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली. दोन दारं, लांब नाक, आणि शेवाळावर ऊन पडावं तसा हिरवा रंग. मी दहा वर्षांचा होतो. दुकानदार पाठमोरा असताना ते पान फाडून घेतलं. पुढे कळलं की अशा गाडीला इथे अमेरिकेत मसल कार म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं अवाढव्य इंजिन. आणि हे की तो हिरवा रंग, ते मोठं इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर, असं सगळं एकत्र असलेल्या गाड्या फार थोड्या निघाल्या, त्याही फक्त एक वर्ष. ते माझं जन्मवर्ष आहे. ते पान अजून माझ्याकडे आहे. तुला मी ते दाखवलं तोवर तुझ्या दृष्टीने गाडी म्हणजे ऑफिसला पोचवणारी वस्तू होती.

मी इथे बायकोच्या नोकरीमागे आलो. एका दैनिकाच्या बातमी टेबलावर सोळा वर्षं काढली होती आणि इथे मला किराणा आणायलाही कोणीतरी न्यायला लागायचं. पहिल्या हिवाळ्यात तू मला बंद पडलेल्या एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी चालवायला शिकवलंस. अकरा शनिवार. मी प्रत्येक वळणाआधी विचारायचो, "आता वळू?" आठव्या शनिवारी तू म्हणालास, "संपादक, स्टिअरिंग तुमच्या हातात आहे. छापून टाका." तेव्हापासून तू मला संपादक म्हणत राहिलास. लायसन्स मिळालं त्या दिवशी मी घरी एकटा ड्राइव्ह करत गेलो आणि तू मागून तुझ्या गाडीतून येत होतास. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण आरशात तू दिसत होतास तोवरच मला भीती वाटत नव्हती.

मग रविवार सुरू झाले. तुझ्या किचन टेबलावर दोन लॅपटॉप, मेधाचे पोहे, आणि देशभरातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती. मी प्रत्येक जाहिरातीत खोट काढायचो. हा रंग नंतर दिलाय. हे इंजिन दुसऱ्या गाडीतलं आहे. ही साधी गाडी, वरून बिल्ले लावून दुर्मीळ म्हणून विकतायत. अशा नकली गाड्या खऱ्यांपेक्षा जास्त आहेत, हे तुला मीच शिकवलं. "आधी सिद्ध, मग खरेदी," असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, "यार, गाडी चालवायला असते, प्रूफ वाचायला नाही." हा वाद नऊ वर्षं चालला. तो संपलेला नाही.

ती जाहिरातही मलाच सापडली. सप्टेंबरात, एका गुरुवारी. ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर एका शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी होती. मालक वारला होता, त्याची बायको विकत होती. दोनच फोटो. गंज होता, मागची काच फुटलेली होती, आतमध्ये उंदरांनी घरं केली होती. दाराच्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, तो हिरवा रंग होता. मी तुला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं: 'हलू नकोस. मी आधी चौकशी करतो.' त्याच संध्याकाळी त्या बाईंना चौदा प्रश्नांची मेल केली.

शनिवारी तू ॲन आर्बरला गेलास. ईशाचं हिवाळ्याचं सामान पोचवायचंय, असं मला सांगितलंस. तुझी मुलगी तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, तेव्हा त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. दहा तासांचं ड्रायव्हिंग एकट्याने कशाला, मी येतो, असंही मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "अरे, गाडी खच्चून भरलीय." सोमवारी जाहिरात दिसेनाशी झाली. मी तुला फोन केला.

"गेली," मी म्हणालो.

"कोण?"

"हिरवी. विकली गेली."

तू म्हणालास, "अरेरे. जाऊ दे यार, दुसरी मिळेल."

तेव्हा ती तुझ्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली होती.

दसऱ्याला तू आम्हाला बोलावलंस. गॅरेजचं दार वर गेलं. आत पाने, जॅक, हातोड्या एका जुन्या चादरीवर मांडलेल्या, प्रत्येकावर हळदीकुंकू, आणि त्यांच्यामागे झेंडूचा हार घातलेलं ते लांब नाक. माझ्या हातात तुझ्यासाठी आणलेलं सोनं होतं. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून मेपलची. ती मी परत खिशात घातली, तुला द्यायची राहिली.

"सरप्राइज!" तू म्हणालास. मग माझा चेहरा पाहून: "अरे, मेधा म्हणाली पूजा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते."

"कोणाला म्हणजे?"

"म्हणजे कोणालाच."

"मी कोणात येतो?"

मेधा मध्येच म्हणाली, "अविनाश, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चौदा प्रश्न विचारले असते, आणि गाडी अजून तिथेच शेडमध्ये असती." सगळे हसले. चौदा हा आकडा तिला कसा माहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गाडी विकणाऱ्या त्या बाईंनी माझी मेल तुला दाखवली होती. माझ्या प्रश्नांची उत्तरं तू शेडमध्ये उभा राहून मिळवलीस आणि मग गाडी घेतलीस.

मग मेधाने मीठ-मोहऱ्या हातात घेऊन गाडीवरून उतरवल्या, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर टाकल्या. धूर झाला, घरातला स्मोक अलार्म वाजू लागला. तू टाळी वाजवून म्हणालास, "बघा! किती दृष्ट होती!" पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. त्या गॅरेजमध्ये त्या वेळी ती गाडी आपली असावी असं वाटणारा, माझ्या माहितीप्रमाणे, एकच माणूस होता.

त्यानंतरचे रविवार किचनमधून गॅरेजमध्ये गेले. मी येणं बंद करीन असं मला वाटलं होतं. केलं नाही. घरी बसून ती तुझ्याकडे आहे हे माहीत असण्यापेक्षा समोर पाहणं बरं होतं. तू गंज खरवडायचास, मी सुटे भाग पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावायचो. तुझे हात चालत. एखादा बोल्ट निघाला नाही की तू तापवायचास, तेल सोडायचास, त्याच्याशी बोलायचास: "ये रे राजा, पन्नास वर्षं झाली, आता तरी ये." आणि तो यायचा. मला बोल्टाचं नाव आणि माप माहीत असायचं. मला तुझ्या हातांचा हेवा वाटायचा. शेल्फवर फोन ठेवून तू सगळं शूट करायचास आणि त्यातली दोन-तीन मिनिटं कापून ईशाला पाठवायचास. मी घरी काय केलं हे पाहायला कोणी थांबलेलं नव्हतं. त्याचाही हेवा वाटायचा.

आपलं भांडण रंगावरून होतं. तू ती काळी करणार होतास. मी म्हणायचो, हिरवी निघाली असेल तर हिरवीच राहिली पाहिजे. तू म्हणायचास, "दाराच्या कडेला हिरवा आहे म्हणजे पहिला रंग तोच, याला पुरावा काय? संपादक, तुमचाच नियम." बरोबर होतं. पुरावा नव्हता. पुरावा असतो तो एका कागदाच्या रूपात. त्या काळी कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक छापील तक्ता फिरायचा: गाडीचा नंबर, इंजिन, गिअर, रंग, सगळ्याचे कोड. काम झालं की कामगार तो फेकून द्यायचे, किंवा कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खोचून द्यायचे. पन्नास वर्षांनी तो तिथेच सापडतो, किंवा उंदरांनी खाल्लेला असतो. तो सापडला तर गाडी खरी. नाही तर कायम प्रश्नचिन्ह.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आपण मागची सीट काढली. तू चहा आणायला आत गेलास. मी सीट उलटी केली. स्प्रिंगांमध्ये घडी घातलेला पिवळा कागद होता. एक कोपरा कुरतडलेला, बाकी शाबूत. तो काय आहे हे कळायला मला तीन सेकंदही लागले नाहीत. आतून कपांचा आवाज आला. मला एक वाक्य म्हणायचं होतं: "शिरीष, हे बघ." मी कागद जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला.

तू ट्रे ठेवत विचारलंस, "काही मिळालं का?"

"उंदरांचं घर," मी म्हणालो.

कारण लिहायचं तर असं. गाडी सिद्ध झाली असती तर ती पूर्ण तुझी झाली असती. ती खरी आहे की नाही ही शंका तेवढी माझी होती. ती मला सोडवत नव्हती.

कागद मी घरी प्लॅस्टिकच्या पाकिटात, त्या मासिकाच्या पानाशेजारी ठेवला. कोड लावले. मोठं इंजिन. चार गिअर, हाताने बदलायचे. रंग हिरवा. दोन्ही कागदांवर तीच गाडी होती.

दोन आठवड्यांनी तू अशा गाड्या तपासणाऱ्या एका माणसाला बोलावलंस. तो दोन तास गाडीखाली होता. शेवटी म्हणाला, असू शकेल, पण कागदाशिवाय मी लिहून देणार नाही. बहुतेक वेळा अशी गाडी साधी निघते. मी तिथेच उभा होतो. तू त्याला कॉफी दिलीस, दारापर्यंत सोडलंस. परत येऊन पायरीवर बसलास.

"नक्कल तर नक्कल," तू म्हणालास. "मग हे जुनं धूड कशाला सांभाळू? नवीन इंजिन टाकतो, काळी करतो, मेधाला शेजारी बसवतो आणि निघतो." तू डोव्हरच्या एका मेकॅनिकला फोन केलास. तो जुनं इंजिन काढून घेऊन जाणार होता. एकदा ते गेलं, विकलं गेलं, की परत मिळणार नव्हतं. शनिवार ठरला. हा परवा होऊन गेलेला शनिवार.

त्यानंतरचे तीन रविवार मी आलो. तीनही वेळा तू विचारलंस, "संपादक, तुमच्या चौकशीचं काय? काही कन्फर्म?" तीनही वेळा मी म्हणालो, "अजून नाही." शेवटच्या रविवारी तू पुढे म्हणालास, "घाई नाही." मी शुक्रवारी कागद आणून देणार होतो. याला पुरावा नाही.

मंगळवारी दहा वाजता मेधाचा फोन आला. आम्ही गेलो. गॅरेजचं दार उघडंच होतं, गाडीच्या बॉनेटवर तुझा चष्मा होता. तू शेवटी तिच्यापाशी होतास असं मनात आलं, आणि त्याचाही मला हेवा वाटला. हे लिहायला नको होतं. पण वाटलं होतं.

गुरुवारी अंत्यसंस्कार झाले. शनिवारी दुपारी ईशाचा फोन आला. ती सगळं सावकाश बोलत होती.

"अवी काका, मी बाबाचे व्हिडिओ बघतेय. सगळे. एक फेब्रुवारीचा आहे. लाँग आहे, फॉर्टी वन मिनिट्स. तेव्हा माझ्या एक्झाम्स होत्या, सो मी तो ओपनच केला नव्हता." मग म्हणाली, "बाबा चहा आणायला जातो. अँड देन... काका, व्हॉट डिड यू पुट इन युअर पॉकेट?"

"गाडीचा कागद," मी म्हणालो.

"कुठला कागद?"

"ती खरी आहे हे सांगणारा. ओरिजिनल."

"डिड बाबा नो?"

"माहीत नाही."

"ब्रिंग इट," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शिरीष, मला आता एवढंच शोधून काढायचं आहे, आणि ते निघत नाही. तू तो व्हिडिओ पाहिला होतास का? बाकी सगळे तू कापून पाठवलेस. हा एकच न कापता, त्याच दिवशी दुपारी चार दहाला पाठवलास. कापायचा असता तर पाहावा लागला असता. कापला नाहीस, म्हणजे पाहिला नसशील. किंवा पाहिलास आणि म्हणूनच कापला नाहीस. दोन्ही शक्य आहेत. एकाही शक्यतेला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नाही.

रविवारी सकाळी कागद घेऊन गेलो. आधी मेधाला सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शनिवारी मेकॅनिक आला होता का?" मी विचारलं.

"नाही. शिरीषने सोमवारीच फोन करून कॅन्सल केलं."

"का?"

"मी पण विचारलं. म्हणाला, अजून एक-दोन रविवार थांबू. अविनाशचं काहीतरी चाललंय." मग ती म्हणाली, "तुम्ही त्याला आता विचारताय, अविनाश. तो तुम्हाला दर रविवारी विचारत होता."

तू मला विचारायचास आणि थांबायचास, हे मला पार्किंग लॉटपासून माहीत आहे. 'आता वळू?' असं मी विचारलं की तू गप्प बसायचास, मी वळेपर्यंत. तू या वेळीही तेच केलंस असं मला लिहायचं आहे. ते लिहिता येत नाही, कारण ते मला हवं आहे, आणि जे आपल्याला हवं असतं ते दोनदा तपासायचं असतं. तुझी माफी मागायची होती. आणि तूही माझी मागायला हवी होतीस, त्या सोमवारच्या 'अरेरे'साठी. दोन्ही राहिलं.

रंगाचा वाद तू हरलास. कागदावर कोड हिरव्याचा आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्याशी वाद जिंकलो, आणि हे मला पाच आठवडे आधीच माहीत होतं.

ईशाने कागद दोन्ही हातांत धरून पाहिला. मग विचारलं, "हा याच गाडीचा आहे, हे कसं कळणार? मे बी सीट दुसऱ्या गाडीची असेल."

मी पाच आठवडे कोड लावत बसलो होतो, पण गाडीचा नंबर कागदाशी एकदाही ताडून पाहिला नव्हता. त्यासाठी तुझ्यासमोर काचेवर वाकून नंबर उतरवून घ्यावा लागला असता.

नंबर पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठोकलेल्या पट्टीवर असतो. पुढच्या सीट काढलेल्या आहेत, म्हणून ईशा आत बादली उलटी ठेवून बसली. बॉनेटवर तुझा चष्मा तसाच होता. तिने आतून काच पुसली आणि टॉर्च धरला. मी बाहेर उभा राहिलो. दैनिकात आमच्या टेबलावर प्रूफ असंच वाचायचे. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. तिला तेवढं सांगितलं. ती इंग्रजीत वाचत गेली, मी प्रत्येक आकडा मराठीत परत म्हणत गेलो. नवव्या जागेवर पट्टीवर डाग होता. तिने थुंकी लावून अंगठ्याने पुसला आणि पुन्हा वाचलं. मेधा दारात उभी होती.

अक्षरं आणि आकडे मिळून तेरा. रविवारी सकाळी दहा वीसला वाचून झाले. तेराही जुळले.